कोणीही न खोडलेला अध्यक्ष

प्रति,
मा. उपविभागीय अभियंता,
पाटबंधारे उपविभाग, गोंदिया.

अर्जदार : प्रा. इंद्रकुमार टेंभरे (सेवानिवृत्त, राज्यशास्त्र), अध्यक्ष, मोहतलाव पाणी वापर संस्था, दवनीवाडा, ता. जि. गोंदिया.

विषय : अर्जदारास अध्यक्षपदावरून विनाविलंब काढून टाकणेबाबत.

संदर्भ : अर्जदाराने स्वतःच घालून दिलेली मतदानपद्धत.

महोदय,

१. सविनय सादर करण्यात येते की, अर्जदाराने उभी हयात मतदान आणि गेम थिअरी, म्हणजे समोरचा काय करील हे ताडून आपली चाल ठरवण्याचे शास्त्र, यांत घालवली. त्याच्या प्रबंधाचा आधार घेऊन पुढे जे लेख निघाले, ते बहुतेक अर्जदाराचेच आहेत. आपल्या विद्वत्तेचा कोणावर प्रभाव पडत नाही, ही त्याची जुनी खंत होती. ती यंदा गावकऱ्यांनी पार मिटवली.

२. संस्थेच्या अध्यक्षपदासाठी तळ्यालगतचे चुन्नीलाल आणि कालव्याच्या टोकाकडचे मनिराम उभे होते. भांडण नको म्हणून अर्जदाराने नवी पद्धत सुचवली : हवे ते नाव निवडायचे नाही, नको ते एक नाव खोडायचे, सर्वांत कमी खोडलेला निवडून येईल. पण दोनच नावांवर ही पद्धत शोभेना, म्हणून नमुन्यादाखल तिसरे नाव त्याने स्वतःचे घातले. चुन्नीलालच्या माणसांनी मनिरामला खोडले, मनिरामच्या माणसांनी चुन्नीलालला. अर्जदाराला खोडण्यात कोणी मत वाया घालवले नाही. गळ्यात हार घेऊन तो घरी गेला, तेव्हा पत्नी सुशिलाबाई एवढेच म्हणाल्या, "तुमाले खोडून कोनाले काय भेटनार होतं जी?"

३. इथवर फजिती एकट्याची होती. पुढे पाणी आधी कोणाला द्यायचे, हा विषय आला : तळ्यालगतच्यांना, की टोकाच्यांना? शहाण्या माणसाने इथे थांबायला हवे होते. परंतु अर्जदाराच्या शास्त्राला तीन पर्याय लागतात, सबब 'तळ्याचे दार बंदच ठेवणे' हा तिसरा पर्याय त्याने घातला. दोन्ही बाजूंनी एकमेकांचा पर्याय खोडला आणि दार बंद ठेवण्याचा ठराव बिनबोभाट मंजूर झाला. तळे काठोकाठ भरलेले आहे. अर्जदाराने राजीनामा दिला, तर तोही मंजूर होईना. "दुसरा येईन त्याच्यापेक्षा सर बरे, ते काही करत तं नाही," असे दोन्हीकडचे म्हणून राहिले आहेत.

४. काल टोकाकडच्या अनुसयाबाई अर्जदाराच्या घरी आल्या. "सर, धान पोटरीत आला, बांधीले भेगा पडल्या. आता पानी नाही भेटलं तं सारा पोचट होते. तुमच्या पद्धतीनं बांधी ओली होते का जी?" अर्जदाराला स्वतःची मनस्वी लाज वाटली. तळ्यालगतच्या शेतांत पाझराची ओल अजून आहे, म्हणजे पाणी आधी टोकाला हवे, हे कोणालाही दिसत होते. त्यासाठी मत घेण्याची गरजच नव्हती.

५. आज सकाळी अर्जदाराने कोणालाही न विचारता तळ्याचे दार उघडून पाणी टोकाकडे सोडले आणि दाराच्या चाकाला साखळी घालून कुलूप ठोकले. हा ठरावाचा उघड भंग असल्याने त्यास पदावरून काढण्यास पुरेसा आहे. दार बंद करा म्हणत चुन्नीलालचे लोक या क्षणी अंगणात बसले आहेत. अर्जदार मुळात भित्रा. जरा कोणी आवाज चढवला की मान डोलावणारा. म्हणून आयुष्यात प्रथमच आपल्या शास्त्राला धरून त्याने परतीचे दोर कापले असून, कुलपाची एकुलती एक चावी या अर्जासोबत टपालाने आपणाकडे पाठवीत आहे.

तरी बडतर्फीचा आदेश त्वरित काढावा, ही विनंती. चावी मात्र अनुसयाबाईंच्या बांधीत पाणी पोचेपर्यंत कृपया आपल्याला मिळू नये.

आपला नियमभंगी परंतु नम्र,
(सही)
इंद्रकुमार टेंभरे

स्थळ : दवनीवाडा
दिनांक : ९ ऑक्टोबर २०२५
सोबत : वरीलप्रमाणे.