बाद कापडाचा नियम

४ फेब्रुवारी

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

फोनवर ओरडून माझा घसा बसतो आणि तुला ऐकू येतं निम्मंच. म्हणून आपल्या हॉटेलच्या गाडीवाल्या काकांच्या हाती गाठोड्याबरोबर हे पत्र धाडते आहे. गाठोड्यात जुन्या चादरी नि अभ्रे आहेत. कापड खिडकीशी धरायचं, पलीकडची बोटं दिसली की ते बाद, हा माझा नियम. त्यांतून पाहुण्यांच्या मळक्या कपड्यांसाठी पिशव्या शिव. इथे खोलीखोलीत रोज प्लास्टिकची पिशवी ठेवतात आणि पाहुण्याने हात लावला नाही तरी फेकतात. बघून जीव तुटतो गं!

शाम्पूच्या चिमुकल्या बाटल्या मी बंद केल्या, भिंतीवर मोठ्या लावल्या. ओलं वेगळं, कागद वेगळा, साबणाचे तुकडे वेगळे. आचारी मला कचराराणी म्हणतात. म्हणोत बापडे! पण मॅनेजरसाहेबांनी बजावलंय की हंगाम संपेपर्यंत एका जरी पाहुण्याची लेखी तक्रार आली, तर हे सगळं बंद आणि मी पुन्हा मजल्यावर झाडू मारायला. तेव्हापासून फोन वाजला की आधी मीच धावते. अन्न गोड लागत नाही.

भाऊजींना नमस्कार. लोभ आहेच, तो तुझ्या शिवणीइतका पक्का राहू दे.

तुझी,
भिंगरी

९ फेब्रुवारी

चि. भिंगरीस,
अनेक आशीर्वाद.

तुझं नाव आईने उगाच नाही ठेवलं. लहानपणी एका जेवणात तीनदा उठून दाराशी जाऊन यायचीस, आता अख्खं हॉटेल डोक्यावर घेतलंस. जरा टेक कुठेतरी.

पिशव्या सोबत आहेत. चादरींचं कापड अजून दणकट आहे. एक अभ्रा मात्र लोण्यासारखा मऊ निघाला. त्याच्या पट्ट्या कापून नाड्या केल्या, कारण नाडी राठ असली की बोटांना काचते. त्यावर चार-पाच ठिकाणी हाताने रफू केलेलं होतं. तुमच्या हॉटेलात अभ्र्यांना रफूसुद्धा करतात होय? मला नवलच वाटलं.

तुझे भाऊजी म्हणतात, कचराराणीचे मेहुणे म्हणून त्यांना एखादी पदवी मिळावी. वेळेवर जेव. माया आहे, ती मागावी लागत नाही.

तुझी,
ताई

११ फेब्रुवारी

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

ताई, घात झाला! पिशव्या आल्या तशा मी खोल्यांत वाटून मोकळी झाले आणि तुझं पत्र संध्याकाळी वाचलं. तो अभ्रा हॉटेलचा नव्हताच.

तिसऱ्या मजल्यावर एक निवृत्त मास्तर महिनाभर राहायला आलेत, घराची दुरुस्ती चाललीय म्हणून. स्वतःचा अभ्रा घेऊन आले होते. बायकोचा. ती गेल्यापासून त्याच्याशिवाय त्यांना झोप लागत नाही. मीच तो उशीवरून काढला, खिडकीशी धरला, बोटं दिसली आणि टाकला गाठोड्यात. दुसऱ्या कुणाला बोल लावायचीही सोय नाही.

ते रोज सकाळी खाली येऊन हळूच विचारतात, सापडला का. आवाज चढवत नाहीत, त्याचंच मला जास्त लागतं. काउंटरवरच्या मुलीने लेखी तक्रार करा म्हणून सुचवलं, तर म्हणाले, थोडं थांबतो.

सगळ्या नाड्या ओढून काढून पाठवते आहे. एक राहिली, ती त्यांच्याच खोलीतल्या पिशवीत आहे. ते खोलीत असताना कुठल्या तोंडाने मागू? धुलाई यंत्रात फाटला असं सांगावं असं मनात येतंय. सांगू का? लवकर लिही, मला काही सुचत नाही.

तुझी वेंधळी,
भिंगरी

१४ फेब्रुवारी

चि. भिंगरीस,
अनेक आशीर्वाद.

खबरदार यंत्राचं नाव घेशील तर! त्या बिचाऱ्याला तोंड नाही म्हणून काय झालं? नियम तुझा, कात्री माझी. दोघींच्या नावाने खरं सांग. फार तर झाडू मारशील. झाडूने कुणी मेलं नाही.

पट्ट्या जोडून अभ्रा सोबत धाडते आहे. शिवणीत कापड खाल्लं गेलं, त्यामुळे अभ्रा थोडा आखूड झालाय. कडेला एका पट्टीची जागा मोकळी ठेवली आहे. त्या बाईंचं रफू मी उसवलं नाही. माझ्यापेक्षा हात काही चांगला नव्हता हो तिचा, पण जीव लावून केलेलं होतं. शिवताना मला रडू आलं.

आधी जा, मग मला लिही.

तुझीच,
ताई

१७ फेब्रुवारी

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

गेले. मास्तर खुर्चीत बसले होते आणि मांडीवर तुझी पिशवी. नाडीवरचं रफू बोटाला लागलं तेव्हाच त्यांनी ओळखलं होतं. खरं सांगायला कोण येतंय याची वाट बघत होते. मी सगळं सांगितलं, रडले. त्यांनी अभ्रा घेतला आणि दार लावून घेतलं. रात्रभर मी या कुशीवरून त्या कुशीवर.

सकाळी मॅनेजरसाहेबांनी बोलावलं. समोर लेखी तक्रार! साहेबांनी ती दोनदा वाचली आणि मलाच विचारलं, हिला तक्रार म्हणायचं का. मास्तरांनी लिहिलंय, शिवण रात्रभर गालाला टोचते. बायकोचं रफूही असंच टोचायचं आणि ते जन्मभर तिच्यापाशी कुरकुर करत आले. ती गेल्यावर कुरकुर करायला कुणी उरलं नव्हतं. काल मनसोक्त केली आणि मग झोप लागली. तरी शिवणाऱ्या बाईंनी जातीने येऊन उरलेली पट्टी लावून द्यावी, आणि टोचणं मुळीच कमी करू नये.

साहेबांनी चष्मा पुसला. मग कागद माझ्यापुढे धरून म्हणाले, हा कुठल्या डब्यात टाकायचा तेवढं सांग. आयुष्यात पहिल्यांदा विचारलं गं त्यांनी! मी म्हटलं, कुठल्याच नाही, एक बाजू अजून कोरी आहे.

त्याच बाजूवर हे लिहिते आहे. पान उलटून त्यांचं अक्षर बघ, आणि सुईदोरा घेऊन उद्याच नीघ.

तुझी,
भिंगरी