स्वयंपाकघराच्या दारावरची रायफल

मोंटाना, रँचवरून
१४ ऑक्टोबर

प्रिय आजोबा,

पाय कसा आहे? तिथल्या शुश्रूषागृहात चालायचा व्यायाम करून घेणाऱ्या नर्सला तुम्ही म्हणे, "घोड्याला तरी सुट्टी देतात!" असं सुनावलंत. तिला छळू नका. वसंतात घरी यायचंय ना?

इकडे पहिलं बर्फ पडून वितळलं. वासरं विकून झाली. आजी तुमच्यासाठी रानचेरीचा मुरंबा भरून ठेवतेय.

बाबांना स्वयंपाकघराच्या दारावरची जुनी, लिव्हर खाली-वर ओढून गोळी चढवायची रायफल विकून नवी, काळी, पुष्कळ गोळ्यांची घ्यायचीय. आणि जुनीची बाजू कोणी घेतली असेल? मी! घरात बंदूक नको म्हणून कॉलेजात भाषण देणारी मी. घरातली पहिली पदवीधर म्हणून तुम्ही ते भाषण घरी जेवणाच्या टेबलाशी पुन्हा ऐकलंत, टाळ्या वाजवल्यात आणि म्हणालात, "छान. आता लाकडं आण."

मी म्हटलं, "बाबा, ही हलकी आहे, धक्का कमी देते, आजीच्या खांद्याला झेपते. जिन्यात अडकत नाही. एकेक काडतूस बाजूने सरकवलं की झालं. शेरीफचे पोलीस पोचेपर्यंत इथे स्टू शिजून होतो."

"पदवीला हेच होतं का गं?" बाबा म्हणाले.

मला कुंपणावरचे कॉफीचे डबे आठवले. मागे तुम्ही उभे. "पुरती खाली, पुरती वर! लाजतेस काय? भीत भीत ओढलीस तर गोळी चढणार नाही." मग आजी हाताचं पीठ एप्रनला पुसत यायची आणि सगळे डबे पाडून परत पोळ्या लाटायला जायची. तुम्ही माझ्याकडे बघून डोळा मारायचात.

आजोबा, एक गोष्ट लिहायची टाळत होते.

गुरुवारी दुपारी मी नाक्यावरच्या शाळेत मुलाखत देऊन आले. तुमच्या नियमाप्रमाणे गेटपाशी हॉर्न दिला, नाव ओरडून सांगितलं, थांबले. पडदा हलला, म्हणजे ओळखलं असं समजून आत शिरले. आजी पायरीवर रायफल घेऊन उभी.

"कोण गं तू?"

"आजी, मी ब्रिटा."

"ब्रिटा लहान आहे. शाळेत गेलीय."

तिने लिव्हर ओढली. अर्धीच. आपल्या आजीने, आजोबा! चाप दाबला, नुसतं टक् झालं.

मग आतून करपल्याचा वास आला. "अगं ब्रिटा, उभी काय राहिलीस? पोळी जळतेय!"

जेवण झाल्यावर तिने स्वतःच रायफल टेबलावर घेतली. पुरती खाली, पुरती वर करत सगळी काडतुसं बाहेर पाडली आणि माझ्याकडे सरकवली.

"हॉर्न ऐकला होता मी," ती म्हणाली. "नावही ऐकलं. कुणाचं ते कळलं नाही."

मी तिचा हात धरून बसले.

बाबांना अजून सांगितलेलं नाही. कळलं की ते तिला शहरात नेतील, आणि तिथे तिला आपल्या घराची वाटसुद्धा सापडायची नाही. पण सांगणार आहे, येत्या रविवारी. त्याआधी शहरातल्या शाळेने देऊ केलेल्या नोकरीला नकार कळवलाय आणि नाक्यावरची नोकरी घेतलीय. शाळेच्या वेळेत शेजारच्या हिल्डाकाकू आजीपाशी बसतील.

रायफल दारावरच आहे. ती नसली तर आजी दिवसभर शोधत राहील. काडतुसं माझ्याकडे, कुलपात. घर राखायचं काम आता माझं.

वसंतात याल तेव्हा गेटपाशी हॉर्न द्या, नाव सांगा आणि थांबा. पडदा हलला तरी येऊ नका. मी स्वतः बाहेर येईन तुम्हाला न्यायला.

तुम्हा दोघांची, आता इथेच असलेली,
ब्रिटा