मुंगी सध्या लिहीत आहे

ता. ४, सोमवार

प्रिय मुंगे,

आशीर्वाद. यापुढे 'खुशाल असशील' असं लिहायची रीत आहे, पण तिथे बोटं अडखळली. म्हणून आधी आमचीच खुशाली. बाबा बरे आहेत. दुकान चालू आहे. बायका अजूनही शिलाई मशिनीत थेंबभर तेल घालत नाहीत आणि बिघडली की बाबांनाच बोल लावतात. मी शाळेत शिकवते आणि उरलेल्या वेळात बाबांच्या वेबसाइटचं बघते. ते खरं तर तुझं खातं. तू गेल्यावर माझ्या गळ्यात पडलं.

तुझा पत्ता आमच्याकडे नाही. म्हणून हे पत्र साइटच्या जुन्या सर्व्हरवर, बाबांच्या लेखांच्या यादीत अप्रकाशित ठेवतेय. का, ते सांगते.

साइट जिथे होती ती कंपनी गाशा गुंडाळतेय, म्हणून मी सगळं नव्या होस्टकडे हलवलं. नीट हललं असं वाटलं. मग बाबांनी 'दोरा सारखा का तुटतो' हा लेख टाकला. त्यांच्या कॉम्प्युटरवर तो ठसठशीत दिसत होता आणि माझ्या फोनवर त्याचा मागमूस नाही. गिऱ्हाइकं विचारायला लागली, "काय मास्तर, लिहिणं सोडलंत का?" बाबा त्यांनाच म्हणायचे, "चष्म्याचा नंबर तपासा!" मी नव्या सर्व्हरवर सगळी उचकापाचक केली, पुन्हा पुन्हा लेख टाकून पाहिले. काखेत कळसा आणि गावाला वळसा.

शेवटी नव्या कंपनीच्या मदतनीस बाईंना फोन लावला. बाबांच्या कॉम्प्युटरचा स्क्रीन त्यांना तिकडून दिसत होता. त्या म्हणाल्या, "यात कुणीतरी जुन्या सर्व्हरचा नंबर हाताने लिहून ठेवलाय. सगळ्या जगाला तुमच्या नव्या घराचा पत्ता कळलाय, पण हा कॉम्प्युटर मात्र अजून जुन्याच घरी जातो. वडील लिहितात ते तिथेच राहतं."

तो नंबर तूच लिहिला होतास, साइट उभारताना. तुझ्या लॅपटॉपमध्येही.

"म्हणजे त्या घरात आता एकटे बाबाच राहतात," मी हसून म्हटलं.

बाई हसल्या नाहीत. "येण्याजाण्याची नोंद उघडा बरं," त्या म्हणाल्या. मी उघडली. "नाही हो. तिथे आणखी कुणीतरी येतं. रोज येतं."

मी बाबांचा लेख पाहिला. बाबांच्या सुईचा उकार जन्मात ऱ्हस्व झालेला नाही, तुला ठाऊक आहे. इथे प्रत्येक सुई ऱ्हस्व होती. 'दूरुस्ती'ची दुरुस्ती झालेली होती. आणि मी बघत असतानाच लेखाच्या डोक्यावर एक पट्टी उमटली: मुंगी सध्या हा लेख संपादित करत आहे.

बाबा शेजारीच मशिनीचा पट्टा बदलत होते. त्यांनी वर बघितलं, पट्टी वाचली आणि पुन्हा मान खाली घातली.

"बाबा, हे कधीपासून?"

"झाले बरेच दिवस."

"मला सांगितलं का नाहीत?"

"तू साफ करून टाकलं असतंस," ते म्हणाले.

मग मला कळलं की बाबा हल्ली मुद्दाम चुकतात. एवढ्याशा वाक्यात ढीगभर चुका पेरतात, चहा पिऊन येतात आणि कुणी निवडल्या का ते बघतात. जुना सर्व्हर बंद होणार म्हटल्यावर लहान मुलासारखे हट्टाला पेटले, "दुप्पट भाडं दे, पण तो राहू दे." त्यांना वाटतं, मेलेलं माणूस घर बदलत नाही. जुन्याच घरी येत राहतं.

झालं, निसटलंच हातून. सबंध पत्रभर हा शब्द चुकवत होते.

तू जाताना बाबा दारातून ओरडले होते, "आज मेलीस तू आम्हाला!" पुढच्या वर्षी पोलिसांचा फोन आला. नदीतून एक मुलगी काढली होती. चेहरा ओळखण्यासारखा राहिला नव्हता. वय तुझं, उंची तुझी, आणि डाव्या गुडघ्यावर चंद्रकोरीसारखा व्रण, सायकलवरून पडलीस तेव्हाचा. बाबांनी तो पाहिला आणि मान हलवली. मीही हलवली. आपलं माणूस म्हणून आम्ही तिला निरोप दिला.

बाई म्हणतात, लॅपटॉप दुसऱ्या कुणाच्या हाती लागला असेल. असेलही. पण चोर कधी उकार सुधारतो का गं?

तू कोण आहेस?

ताई


ता. ७, गुरुवार

मुंगे,

माझं पत्र उघडून पाहिलं. उत्तर नाही. मीही लिहिण्याच्या भरात चुका केल्या होत्या, त्या तेवढ्या कुणीतरी सुधारल्या आहेत. शाळेत शिकवणाऱ्या बाईच्या, शोभतं का मला!

आणि एक शब्द बदललाय, जो चुकलेला नव्हता. 'डाव्या गुडघ्यावर' असं होतं. आता 'उजव्या' आहे.

मी किती तरी वेळ त्या शब्दाकडे बघत बसले. मग माळ्यावरून फोटो काढले. शाळेच्या शर्यतीचा तुझा फोटो आहे, अर्ध्या चड्डीतला. व्रण उजव्या गुडघ्यावर आहे.

त्या मुलीचा डावाच होता. मी माझ्या डोळ्यांनी पाहिलाय. त्या चादरीखाली तुझं काय शोधायचं हेच भीतीने विसरायला झालं होतं. जे दिसलं ते तुझं वाटलं.

बाबांना फोटो दाखवला. त्यांनी आधी स्वतःच्या गुडघ्यांवर हात ठेवून डावं-उजवं ताडून पाहिलं. मग म्हणाले, "मीच तिला मेलीस म्हणालो होतो ना. म्हणून मला तीच दिसली."

तेवढ्यात पट्टी उमटली. मुंगी सध्या लिहीत आहे. आम्ही दोघं स्क्रीनजवळ सरकलो. माझा हात कीबोर्डकडे गेला, तर बाबांनी तो धरला. "तू नको. तिला लिहू दे."

खाली बाजारात माणसं बोलत होती, कुणीतरी शटर ओढलं. पट्टी तशीच होती. मग गेली. पानावर एक अक्षर नव्हतं.

बाबा उठले, चपला घातल्या आणि पोलिसांकडे निघाले. "आपण दुसऱ्याची पोर पोहोचवली," ते म्हणाले. "तिची माणसं वाट बघत असतील."

ताई


ता. २९, शुक्रवार

प्रिय मुंगे,

उद्या जुना सर्व्हर बंद होतोय. तू मधे एकदाच येऊन गेलीस, नोंदीत दिसलं. हे वाचशील असं धरून चालते.

त्या मुलीची आई काल आली होती. लांबून आली, एकटीच. पोलिसांकडच्या फोटोंवरून तिने ओळखलं. तिच्या मुलीला लहानपणी डाव्या गुडघ्यावर विळी लागली होती. बाबा दारातच हात जोडून उभे राहिले, पण ती भांडायला आलीच नव्हती. दुकानात, गिऱ्हाइकांच्या बाकावर बसली. पाणी प्यायली. मग विचारलं,

"तिच्या अंगावर काय घातलंत?"

"माझ्या धाकटीचा पिवळा ड्रेस," बाबा म्हणाले. "मीच शिवलेला."

"बसला?"

"थोडा सैल झाला."

"बारीकच होती ती," तिची आई म्हणाली. मग म्हणाली, "कुणी रडलं का हो तिच्यासाठी?"

मी सांगितलं, "बाबा रडले. पोटच्या पोरीसाठी रडतात तसे. महिनाभर दुकान उघडलं नाही."

तिने बाबांचे तेलकट हात आपल्या हातांत घेतले. "बरं झालं," ती म्हणाली. "मला वाटायचं, बेवारस गेली." निघताना दारात वळली. "आणि तुमची? ती सापडली?"

बाबा म्हणाले, "आहे."

सापडली म्हणाले नाहीत. आहे, एवढंच.

नव्या सर्व्हरवर तुझ्या नावाने खातं उघडलंय. तुझ्या लॅपटॉपमधला तो जुना नंबर तेवढा पुसून टाक, मग तिथे यायला कुठलाही नंबर लागत नाही. तू का बोलत नाहीस, मला कळत नाही, आणि त्या रिकाम्या पट्टीची अजूनही भीती वाटते. बाबा म्हणतात, ती आहे, तेवढं पुरे.

मला पुरत नाही गं.

तुझी, हट्टाने तुझीच,
ताई