येतो म्हणाले होते

वुलनगाँग, ऑस्ट्रेलिया,
गुरुवार, १४ ऑगस्ट २०२५

प्रिय वीणाताई,

नमस्कार. गुडघा कसा आहे? मेथीचे लाडू डब्यात तसेच पडून असणार, कडू लागतात म्हणून. इकडे थंडी जोरात आहे आणि वारा तर असा की वाळत घातलेले टॉवेल शेजारच्या ग्रेगच्या अंगणात सापडतात. अवधूतच्या स्टीलवर्क्समध्ये दुरुस्तीचं मोठं काम निघालंय, त्यामुळे तुमचे भाऊराय घरी फक्त झोपायला येतात. उर्वीची युनिव्हर्सिटी चालू आहे.

फोनवर तुम्ही माझ्याशी "अवधूतला दे" यापलीकडे बोलत नाही. चालायचंच. बाबांना पोरीच्या भरवशावर बाहेर पाठवलंत, हे मी मे महिन्यापासून ऐकतेय. आजही त्याला उत्तर देत नाही. आज पार्किंगचं सांगायचंय. हसू नका.

ते डोशाचं हॉटेल तुम्ही पाहिलं नाहीत, पण पोलिसांच्या तोंडून सतरा वेळा ऐकलंत. समुद्रापासून दोन मिनिटांवर, मागे गाड्या लावायची जागा. ती जागा हॉटेलची नाही, एका खाजगी कंपनीची. दोन तास फुकट, पुढे दंड. आत जाताना आणि बाहेर पडताना कॅमेरा गाडीचा फोटो काढतो. बाबा गेले... बाबा उठून गेले त्या शनिवारी उर्वी तिथे अंधार पडेपर्यंत बसून होती. गाडी माझ्या नावावर, म्हणून जूनमध्ये दंडाची नोटीस मला आली.

माझं डोकंच फिरलं. आमचा माणूस हरवलाय आणि हे मेले जागेचे पैसे मागतायत! मी बसून चांगलं खरमरीत उत्तर लिहिलं. सासरे नातीबरोबर जेवायला गेले, जेवण झाल्यावर तिच्या डोक्यावर हात ठेवला, "येतो हं बाळा" म्हणाले आणि बाहेर पडले, पोर वाट बघत राहिली. इंग्रजीत 'येतो'चं मी 'आय ॲम कमिंग' केलं. दुसरं काय करणार? तर कंपनीचं उत्तर आलं. अगदी नम्र, सहानुभूती वगैरे सगळं. आणि खाली प्रश्न: हे गृहस्थ येत होते की जात होते, कृपया स्पष्ट करावे.

ताई, मी हसले. कित्येक दिवसांनी हसले. आणि हसता हसता तो प्रश्न पुन्हा वाचला. दूध उतू गेलं तेही मला कळलं नाही.

त्याबद्दल पुढे लिहिते. आधी दंडाचं.

पोलिसांचा रिपोर्ट जोडला आणि तो दंड रद्द झाला. मिटलं, म्हटलं. तर जुलैत दुसरी नोटीस! पाठोपाठ तिसरी. दोन्ही शनिवारच्या, बाबा गेल्यानंतरच्या. अवधूत म्हणाला, जाऊ दे गं, भरून टाकू. मी म्हटलं, का म्हणून? शनिवारी माझी मुलगी गाडी घेऊन युनीच्या लायब्ररीत असते, तुमच्या कॅमेऱ्याचे डोळे तपासा, असं ठणकावून लिहिलं. त्यांनी फोटोच पाठवले.

गाडी माझीच. स्टिअरिंगवर उर्वी. शेजारची सीट रिकामी आणि तिचा पट्टा लावलेला. दुसऱ्या फोटोतही तसंच. कोणी नाही, आणि पट्टा नीट ताणून बसवलेला. मी घरात एकटी होते. फोन उलटा ठेवला आणि भर दुपारी देवापाशी दिवा लावला.

संध्याकाळी विचारलं तर उर्वी म्हणते, "आजोबांची बॅग असते तिथे. वजनानं बीप बीप होतं, म्हणून बेल्ट लावते." जसं काही रोजचंच. बॅगेत त्यांची शाल, पाण्याची बाटली, कवळीची डबी.

"अगं पण तू तिथे जातेस कशाला?"

"ही सेड येतो, आई. मी म्हटलं, ओके आजोबा, मी थांबते. आय प्रॉमिस्ड. आय कान्ट जस्ट लीव्ह."

पोलिसांनाही तिनं हेच सांगितलं होतं, परत येतो म्हणाले. तेच आपण सगळ्यांनी धरून ठेवलंय.

वीणाताई, जाणारा माणूस 'जातो' म्हणत नाही, हे तुम्हाला मी काय सांगू? पण आमच्या घरात 'येतो' म्हणतं कोण? अवधूत 'चल, बाय' करून निघतो, मी 'सी यू' म्हणते. पोरीला येतो म्हणजे येतो, एवढंच ठाऊक. आणि बाबा नुसते पाय मोकळे करायला निघाले असते तर काय म्हणाले असते, तुम्हीच आठवा. खाली दूध आणायला जाताना काय म्हणायचे? 'आलोच.' इथे कचऱ्याचा बिन रस्त्यावर नेऊन ठेवायचे तरी 'आलोच'. 'येतो' त्यांनी एकदाच म्हटलं, डोक्यावर हात ठेवून.

पाय घसरला की काय झालं, समुद्राकाठच्या खडकावर त्यांची टोपी कशी राहिली, देव जाणे. मी त्यात शिरत नाही. पण ते निरोप घेऊन गेले, ताई. त्या पार्किंगवाल्यांच्या प्रश्नानं मला ते कळलं आणि मी मूग गिळून बसले. तुम्ही रोज म्हणता बाबा येतील, त्यांच्या पलंगावरची चादर बदलता. तुम्हाला कोणत्या तोंडानं सांगू? आणि पोरीला सांगितलं तर ती आयुष्यभर म्हणेल, मला अर्थ कळायला हवा होता. या भीतीनं मी गप्प, आणि ती दर शनिवारी तिथे जाऊन बसतेय.

गेल्या शनिवारी मीही गेले. मागच्या सीटवर बसले, पुढची भरलेली होती ना. तिथे पोचल्यावर सगळं सांगितलं. ती सीटवरून मागे वळली.

"सो इट मीन्स बाय?"

"हो. पण बाय म्हणवत नाही, म्हणून येतो म्हणायचं."

"दॅट्स सो अनफेअर, आई." आणि मग हुंदके देत, "मी त्यांना स्टॉप करायला हवं होतं ना?"

"नाही गं राणी. येतो म्हणणाऱ्याला अडवत नाहीत. त्याला 'या' म्हणतात."

"या? ॲज इन, कम?"

"हो. तेच."

ती उतरली. वळसा घालून शेजारचं दार उघडलं, पट्टा काढला, बॅग खांद्याला लावली. दार धरून म्हणाली, "या, आजोबा." मोठ्यानं. दोन माणसं वळून बघायला लागली. गुडघे धरून म्हाताऱ्या माणसाला उतरायला जेवढा वेळ लागतो तेवढा वेळ तिनं ते दार उघडं धरलं. मग तिनं दार हळूच लावलं.

येताना मी पुढे बसले. सीट उबदार लागली. उन्हानं असेल, म्हटलं. ऊन नव्हतं.

त्या दिवशीही दोन तास उलटले, नोटीस येईल. ती मात्र मी न भांडता भरणार आहे.

ताई, विमानतळावर बाबा तुम्हाला येतो म्हणाले असतील आणि तुम्ही या म्हटलं असेल. तुमचं त्यांच्याशी नीट झालंय. आता बाकीचंही करू या. जे विधी करायचे ते पुण्यातच, तुमच्या हातानं, तुमच्याशिवाय नाही. उर्वी म्हणते, परीक्षा संपली की निघू. आम्ही तिघंही येतोय. खरंखुरं येतोय. तोवर ती चादर बदलू नका. आणि दारात मला रागवायचं तर रागवा, पण आधी 'या' म्हणा.

पत्राच्या शेवटी 'आता थांबते' लिहायची माझी सवय. आज लिहायला घेतलं आणि हात अडला. या घरात थांबून झालं, ताई.

येते.

तुमची,
नीरजा