दोन जुने कॉम्प्युटर आणि माझी मूलची बदली

३ एप्रिल २००६, एटापल्ली
शाळेचे दोन्ही कॉम्प्युटर वर्षभर बंद. वीस तारखेला शिक्षण खात्याचे साहेब तपासणीला येणार. चालले तर शाळेत राहतील, नाहीतर भंगारात. इन्चार्ज मी. मासिकासोबत लिनक्सची सीडी आली आहे. हलकी सिस्टीम, जुन्या मशीनवरही पळते म्हणे. दोन दिवसांचं काम. मग साहेब खूश आणि माझी मूल गावाला बदली! बायको खुर्शीदा आणि मुलगी गुड्डी तिकडे, मी सहा वर्षं इकडे पोळ्या करपवतोय.

५ एप्रिल
नियम केला : कॉम्प्युटर रूममध्ये चपला बंद. दिवसभर मशीनं पुसली. पाया भक्कम झाला.

१० एप्रिल
जुनी सिस्टीम उघडायला वीस मिनिटं. उघडल्यावर सीडी टाकली. काही नाही. पाच वेळा टाकली. उन्हाने सीडी तापली असावी. माठाजवळ ठेवली.

१२ एप्रिल
शाळेची शिपाई सोमारीबाई म्हणाली, "गुरुजी, नुसतं पुसूनच राह्यले. चालू कवा करता?" दुर्लक्ष केलं. तांत्रिक कामाला एकांत लागतो.

१३ एप्रिल, दुपारी ३
सीडी आत असतानाच लाइट गेली. चहाला गेलो. परत येतो तर लाइट आलेली, लिनक्स सुरू, आणि सोमारीबाई माउसने मोर काढतेय. म्हणे, फक्त बटण दाबलं. म्हणजे सीडी आधी, चालू नंतर. माझ्या हे लक्षात येतच होतं.

१७ एप्रिल
दुसरं मशीनही सुरू. सोमारीबाई मुलांना शिकवते, मी चपलांवर लक्ष ठेवतो. देखरेख महत्त्वाची.

१९ एप्रिल
एसटीडीवरून खुर्शीदाला सांगितलं, माझ्यासाठी कपाट रिकामं कर. ती म्हणाली, साहेबांपुढे जास्त बोलू नका.

२० एप्रिल
तपासणी फर्स्ट क्लास. कोणी केलं, साहेबांनी विचारलं. सोमारीबाई मुलांत होती. म्हणालो, माझ्याशिवाय या मशीनवर कोणाचा हात चालत नाही. साहेबांनी डायरीत लिहून घेतलं. शुभ लक्षण.

२८ एप्रिल
बदल्यांची यादी आली. माझं नाव नाही. साहेबांना फोन केला.
"गुलाम रसूल सर, मूलसाठी तुमचं नाव होतं. पन तुमी गेले तर मशीन कोन चालवन? मीच खोडलं."
खुर्शीदाला सांगितलं. ती म्हणाली, कपाटात गुड्डीची पुस्तकं ठेवते. फार वाईट वाटलं.
घटकाभर कॉम्प्युटर रूममध्ये बसावं म्हणून गेलो. सोमारीबाईने मान वर न करता सांगितलं, "गुरुजी, चपला बाहेर."