अंबिका व्हॅनिटीतून बाहेर येत नाही

॥ श्री ॥

नायगाव

ति. सौ. आक्कास,

धाकट्या वैजनाथचा साष्टांग नमस्कार. आम्ही दोघं इथे खुशाल. दाजींच्या गुडघ्याचं कळलं. तेल चोळतात की नुसतं कपाटात ठेवतात, ते एकदा बघ. लग्नघर म्हटल्यावर तुला श्वास घ्यायला सवड नसेल. मनस्विनीची पत्रिका मिळाली. छान आहे. मोबाईलवर, आपल्या घरच्या ग्रुपात आली. खाली 'सर्वांनी यावे' असं होतं, आणि त्या सर्वांत मीही असणार असं धरून चाललो आहे. (मला त्याचं काही वाटलं नाही. कागदाला हळदकुंकवाचं बोट लागलेलं असलं की बरं दिसतं, एवढंच. आणि मामाला मूळ लावायची, म्हणजे घरचं माणूस धाडून त्याला मानानं घेऊन जायची, आपल्याकडे रीत होती. होती म्हणतो. अंतरपाटाच्या वेळी नवरीच्या पाठीशी मामा उभा लागतो, ही रीत मात्र अजून चालू आहे असं ऐकतो.) असो. पत्राचं कारण वेगळंच आहे.

मागच्या दिवाळीत मनस्विनीनं माझ्या कंप्युटरवर सिनेमाचा एक खेळ घालून दिला होता. निवृत्त मुख्याध्यापकानं दिवसभर पेपरातली कोडी सोडवत बसू नये, असं तिचं म्हणणं. या खेळात आपण स्टुडिओचे मालक. सेट उभे करायचे, नट-नट्या नेमायच्या, सिनेमे काढायचे. मला वाटलं, जन्मभर मास्तरांचे रुसवेफुगवे काढले, तिथे नटांचं काय घेऊन बसलात! पण आक्का, मास्तर रुसला तर रजा टाकतो. नट रुसला की व्हॅनिटीत, म्हणजे त्याच्या खोलीवजा गाडीत, जाऊन दार लावून घेतो आणि अख्खं शूटिंग उन्हात ताटकळतं. प्रत्येकाच्या डोक्यावर मनाची एक पट्टी असते. हिरवी असली की गडी खूश, लाल झाली की आटोपलं.

आमची थोरली नटी अंबिका. हे नाव मनस्विनीनंच ठेवलं. गर्दीतली बाई म्हणून आली होती, विहिरीच्या सीनमध्ये मागून घागर घेऊन जायची. मी तिला नायिका केलं. मग सोमेश नावाचा नवा नट आला, त्याला मी नवीकोरी व्हॅनिटी दिली. झालं, अंबिकाची पट्टी पिवळी. म्हटलं, शाळेत सगळ्यांना एकाच मापानं मोजत आलो, इथेही तेच करू. सगळ्यांना सारख्या व्हॅनिट्या दिल्या. तर अंबिका जास्तच भडकली, कारण काल आलेल्या पोराच्या पंगतीला बसवलं. सोमेश भडकला, कारण त्याचं नवेपण गेलं. तेव्हा मला आपल्याकडची लग्नं आठवली. जाणता माणूस मानपान करताना कुणालाच सारखं देत नाही, वडीलकीनं देतो. खेळात सत्काराची सोय आहे. मी वयाच्या क्रमानं टोपी-टॉवेल केल्यासारखे सत्कार केले. पहिला मान महादेवप्पाला. (हा पिकल्या केसांचा नट फक्त प्रेताची कामं करतो. पण वयानं सगळ्यांत थोर.) तो खेळ वय धरत नाही, प्रसिद्धी धरतो, हे मला कोण सांगणार? महादेवप्पा हिरवागार झाला. अंबिका लाल होऊन जी आत गेली, ती गेलीच.

पगार वाढवून पाहिला. दिमतीला दोन माणसं दिली. नवे कपडे दिले. पट्टी हलेना. अर्धा सिनेमा अडकून पडला, आणि माझं जेवणाकडे लक्ष लागेना. उज्वला ताट वाढून म्हणाली, "ती बाई रुसली का तुम्ही? पत्रिका आल्यापासून तोंड पाडून बसून राहिले. लग्न भाचीचं हाय, त्या बाईचं न्हाई." तिला या खेळातलं काही कळत नाही.

शेवटी एक गोष्ट ध्यानात आली. खेळात मालकाचाही एक बुटका माणूस असतो, कोट घातलेला. त्याला उचलून कुठेही ठेवता येतं. मी त्याला कधी कचेरीबाहेर काढलंच नव्हतं. मालकानं कशाला कुणाच्या दाराशी जायचं? पण दुसरं काही उरलं नाही, म्हणून नेऊन ठेवला अंबिकाच्या दाराशी. तो काही बोलत नाही, देत नाही, नुसता उभा राहतो. पट्टी हळूहळू चढली आणि बाई बाहेर आली. (सिनेमा पडला, ती गोष्ट वेगळी.)

तेव्हापासून माझ्या डोक्यात एकच चाललं आहे. खेळ करणाऱ्यानं नटाला रुसून आत जायची सोय दिली, आपण होऊन बाहेर यायची दिली नाही. आतल्या माणसाला कितीही वाटलं तरी उपयोग नाही, कुणीतरी दाराशी यावं लागतं. मला त्या बाईची फार दया आली, आक्का. आत बसून काय करत असेल ती? बाहेरच्या शूटिंगकडे कान लावत असेल. आपल्यावाचून त्यांचं अडलं, याचं वाईट वाटत असेल. आणि अडलंच नाही तर, याची धास्ती त्याहून मोठी.

दाजींना नमस्कार, मनस्विनीला पोटभर आशीर्वाद, आणि तुझ्या पायांवर डोकं.

तुझा,
वैजनाथ

ता. क. वरच्या मजकुराचा लग्नाशी काही संबंध नाही. गैरसमज नसावा.

ता. क. दुसरा. सर्वेश बहिणीच्या लग्नाचं सामान आणायला नांदेडला येणारच असेल, तर तिथून नायगाव काही लांब नाही. "मामा, चला" एवढं म्हणाला तरी पुरे. मी लगेच हो म्हणणार नाही, पण त्यानं थोडं थांबावं.

ता. क. तिसरा. उज्वला म्हणते, हळद परवावर आली, पोस्टानं गेलं तर हे पत्र लग्न उरकल्यावर पोचेल, आणि मी रुसलो होतो हेही कुणाला कळायचं नाही. तिचं खरं आहे. तेव्हा हे पत्र मीच घेऊन येतो आहे. उद्या सकाळच्या एसटीनं निघून, उदगीरला गाडी बदलून, दुपारपर्यंत निलंग्यात. चारचौघांत कुणी विचारलं तर मूळ लावलं होतं म्हणून सांग, सर्वेशलाही पढवून ठेव. आणि दार उघडशील तेव्हा पत्र वाचत बसू नकोस, आधी "आलास का वैजू, ये" म्हण. (पत्र वाचल्याशिवाय हे त्यांना कळणार कसं, असं उज्वला विचारते आहे. मी म्हटलं, आक्काला ते सांगावं लागत नाही.)