सासूच्या हातची राख

२३ नोव्हें., रवि.
काल मुरबाडला मथुताईचं तेरावं. मांडवात मोठा फलक, डोक्यावर पदर घेतलेला फोटो, खाली ‘थोर समाजसेविका’. भाषणं झाली. कबड्डीचं कोणी नावही काढलं नाही. आमच्या भागात लग्न झालेल्या बायकांची पहिली टीम तिने काढली, काष्टा मारायला लावून खळ्यावर उतरवलं, आणि भाषणात काय, तर ‘मायाळू स्वभाव’. मायाळू! पकडीत पाय सुटला की शिव्यांची लाखोली वाहायची. उठून बोलावं असं फार वाटलं. उठले नाही.
यमू शेजारी होती. खेळात डावा कोपरा तिचा, उजवा माझा. आता आटगावला असते. म्हणाली, “नंदे, भाषना जाऊं दे. आपन तिच्या नावानी एक डाव खेलू. तुज्या खळ्यावर.”
७ तारीख ठरली. रविवार.

२५ नोव्हें.
ताईच आठवते दिवसभर. तिची ती राखेची रीत. मैदानाच्या रेघा चुलीच्या राखेच्या. प्रत्येकीने आपल्या घरची राख आणायची, तीही सासूच्या हातची. त्यासाठी ताई स्वतः दारात उभी राहायची. आमच्या सासूबाईंना म्हणाली, “वयनी, कबड्डीच्या रेघांना वाईच राख द्या. सून घेऊन येल.” राखेला कोण नाही म्हणतं? दिली. पुढे गावभर बोभाटा झाला, तेव्हा ‘मला ठाऊक नव्हतं’ म्हणायची सोयच उरली नाही. मग सासूबाई माझ्या बाजूने भांडायला लागल्या. मुरबाडच्या सामन्याला माणसं हसायला जमली होती, त्यांच्यात पुढे जाऊन बसल्या.
चोरून आलेलीला ताई परत पाठवायची. “चोरून खेलली ती खेलायच्या आदीच बाद.”

२८ नोव्हें.
जुन्या सगळ्यांना फोन केले. एकीचा मुलगाच बोलला, “आईला या वयात कशाला?” दुसरी नातवात अडकलेली. बाकीच्या ‘बघू’. आपल्याकडे बघू म्हणजे नाही, हे मला कळत नाही असं थोडंच आहे.
सगळ्यांना सवयीने सांगितलं, राख आणा.

३० नोव्हें.
खळं केलं. मळणीला यंत्र यायला लागलं तेव्हापासून खळं कोणी करत नाही, माझ्याही खळ्यावर गवत माजलेलं. खरवडलं, पाणी मारलं, चोपलं. कंबर मोडून आली. शेजारचे बाळूभाऊजी कुंपणावरून बघत होते.
“वयनी, झोडनी त कवाच झाली. आता खळा कशाला?”
“कबड्डीला.”
खो खो हसले. पण दुपारी शेणाची पाटी आणून ठेवली. माझ्याकडे गुरं कुठली आता.
सारवून झाल्यावर कडेला बसले. ‘झकास झालंय’ म्हणायला कोणी नव्हतं. मुलगा बदलापूरहून फोन करतो, त्याला काय सांगणार, शेण सारवलं म्हणून?

३ डिसें.
यमूशी वाजलं. तिचा फोन, “राख कुठून आनू गो? आमच्याकडं गॅस. सून म्हनते, दुकानातून पांढरी फक्की घेऊ.”
मी भडकले. म्हटलं, ताईच्या डावाला फक्की? मग राहू दे तुझं येणं.
“बरा,” म्हणाली आणि फोन ठेवला.
माझ्याकडेही गॅसच की! मीच कुठे चूल पेटवते? संध्याकाळी मागच्या दारी तीन दगड मांडले, काटक्या लावल्या. धुराने डोळे चुरचुरले. राख निघाली ओंजळभर.
आणि मग जाणवलं, ही मागायची कोणाकडे? सासूबाई गेल्या, हे गेले, दारात उभी राहणारी ताईही गेली. मला आता कोणालाच विचारायचं नाही. एके काळी हेच तर हवं होतं! इतकं एकटं वाटलं की चुलीपाशीच रडले.

६ डिसें.
यमूला दोनदा फोन. उचलत नाही.
रोज चूल पेटवून जमवलेली राख मधल्या रेघेलाच पुरली. बाकीचं मैदान तसंच, बिनरेघांचं. आजूबाजूला कोणी नाही बघून काष्टा मारला आणि चढाई केली. कबड्डी कबड्डी. पलीकडे जाऊन वाकले, हात फिरवला. धरायला कोणीच नाही. परत येताना दम सुटला. पूर्वी चौघी अंगावर असायच्या तरी सुटायचा नाही.

७ डिसें., रवि.
सकाळपासून खळ्यावर. चहाचं पातेलं भरून ठेवलेलं. कोणी नाही. ऊन डोक्यावर आलं तेव्हा चटई गुंडाळायला घेतली.
तेवढ्यात स्कूटी. यमूची सून, प्राची. कल्याणला नोकरी, रोजची लोकल, रविवार काय तो घरी. हातात स्टीलचा डबा.
“मावशी, आईंचा गुडघा सुजलाय. येणार होत्या हो. पण हे दिलंय.”
झाकण काढलं. राख! अजून कोमट.
“आज सकाळीच अंगणात चूल मांडून बसल्या. मला हातपन लावू दिला नाय. म्हणाल्या, मीच देनार, तू घेऊन जा.”
यमे, अगं यमे. तू सासू झालीस की गं.
प्राचीला यातलं काही ठाऊक नव्हतं. तिला वाटलं, डबा पोचवायचा एवढंच काम. मी सांगितलं, ही राख ज्या सुनेच्या हाती दिली तिने खेळायचं असतं. हसली, “मी? मला तर श्वास कुठे धरायचा तेपन माहीत नाय.” पण ओढणी कमरेला बांधली, चपला काढल्या.
यमूच्या राखेने दोन्ही बाजूंच्या रेघा ओढल्या. दोघींचा डाव होत नाही, हे काय मला शिकवायला हवं? तरी पलीकडे उजव्या कोपऱ्यात उभी राहिले. डावा मोकळा. म्हटलं, ये.
आली. अर्ध्यातच दम सुटला, तरी मी घोटा धरला आणि सोडला नाही. धाडकन पडली. आधी घाबरली, मग हसत सुटली. “परत,” म्हणाली.
जाताना विचारलं, पुढच्या रविवारी?
“बघू.”
रिकामा डबा मात्र आठवणीने घेऊन गेली. राखेसाठी की घरचा डबा म्हणून, ते विचारलं नाही मी.